जे बाळ रडत नाही, त्याला आधी घ्या

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

भाकऱ्या उरकल्या असतील तर जरा टेका, नसतील तर थापता थापता ऐका. मी डॉक्टर नाही, नर्सबाईही नाही. माण तालुक्यातल्या एका वस्तीवर राहते. घरी एक म्हैस, चार शेळ्या आणि तीन लेकरं. थोरली सव्वादोन वर्षांची होती तेव्हा मला जुळं झालं, एक मुलगा आणि एक मुलगी. घरात आम्ही त्यांना गुंड्या आणि चिमी म्हणतो. आता दोघं सव्वा वर्षाची झालीत. रेडिओच्या ताई म्हणाल्या, तीन लहानग्यांना एकटीनं कसं सांभाळलंस ते सांग. मी म्हटलं, एकटीनं नाहीच सांभाळलं. पहिले पाच दिवस तसं करायला गेले आणि चिमी हातची जायची वेळ आली. आज तेच सांगते.

जुळी बाळं पुष्कळदा दिवस पुरे व्हायच्या आधी येतात आणि वजनानं हलकी असतात. पोटातली जागा एकाची, राहणारी दोघं. जन्मताना अडीच किलोच्या आत असलेलं बाळ कमी वजनाचं धरतात. गुंड्या होता २ किलो ३०० ग्रॅम आणि चिमी १ किलो ८००. दवाखान्यात नऊ दिवस ठेवून घेतलं. सोडताना चिमीचं वजन १ किलो ७४० होतं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, आणि दहा ते चौदा दिवसांत ते पुन्हा जन्माएवढं भरतं, असं तिथं समजावून सांगितलं होतं. दर दोन तासांनी पाजायचं, हेही सांगितलं होतं. मी मान हलवली आणि घरी आले.

घरी आल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. गुंड्या रडायला लागला की वस्ती जागी व्हायची. त्याला घेतला, पाजला, खाली ठेवला की थोरली ‘आई, शी’ म्हणून उभी. तिला धुवून आणते तोवर गुंड्या पुन्हा सुरू. आणि चिमी? चिमी झोपलेली. सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली, रात्रीही झोपलेली. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, ‘पोरगी किती शहाणी गं, आईला त्रास म्हणून देत नाही.’ मलाही बरं वाटायचं. खरं सांगते, मी देवाचे आभार मानले की दोघांतलं एक तरी गुणी निघालं.

चौदाव्या दिवशी आशाताई आली. तिनं झोळीचा काटा लावला. गुंड्या २ किलो ४००. ‘छान’ म्हणाली. मग चिमीला झोळीत ठेवलं आणि ताई गप्प झाली. पुन्हा एकदा काटा बघितला. १ किलो ६९०. जन्मापेक्षा कमी, आणि दवाखान्यातून सोडलं त्यापेक्षाही कमी. ताईनं विचारलं, ‘दिवसातून किती वेळा पिते?’ मला सांगता येईना. ‘किती वेळा लंगोट ओला करते?’ तेही सांगता येईना. दोघांचे लंगोट एकाच घमेल्यात पडायचे.

तेव्हा तिनं जे समजावलं ते नीट ऐका, कारण ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लहानखुरं बाळ भूक लागली म्हणून रडेलच असं नसतं. रडायलाही ताकद लागते. ताकद नसली की ते झोपून राहतं. झोपलं की पीत नाही, प्यायलं नाही की आणखी ताकद जाते, मग आणखी झोपतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बाळ शांत आहे, पण आतून ते सुकत असतं. आणि जोडीला एक रडका भाऊ असला की आई आपोआप त्याच्याकडे धावते, कारण आईचे पाय आवाजाच्या दिशेनं जातात. यात आईचं प्रेम कमी-जास्त नसतं. पण दूध मात्र कमी-जास्त होतं.

त्याच दिवशी चिमीला दवाखान्यात नेलं. जंतुसंसर्ग नाही ना, कावीळ नाही ना, ते तपासलं. तसं काही नव्हतं, दूधच कमी पडत होतं. सांगितलं ते असं. रडायची वाट बघायची नाही, दर दोन तासांनी उठवायचं. गुंडाळलेलं दुपटं सैल करायचं, तळपायाला हळू गुदगुली करायची, ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं. आधी अंगावर पाजायचं. दहा-पंधरा मिनिटांत ती थकून सोडून देईल, मग हात धुऊन स्वच्छ वाटीत काढलेलं आईचंच दूध चमच्यानं पाजायचं. काढलेलं दूध झाकून ठेवलं तर साधारण चार तास चालतं, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी तेवढं कधी ठेवलं नाही. बाटली नाही. सहा महिन्यांपर्यंत गुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही. गुटीवरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता, पण ते असो.

आता हिशेब करा. एका बाळाला एका वेळी अर्धा तास, दिवसातून नऊ वेळा, म्हणजे साडेचार तास. दोन बाळांचे नऊ तास. रोजानं खुरपायला गेलेली बाईसुद्धा यापेक्षा आधी घरी येते! त्यात चिमीचं चमच्यानं पाजणं वेगळं. हे नऊ तास फक्त मीच देऊ शकत होते, दुसऱ्या कुणाला ते जमणारं नव्हतं. म्हणजे उरलेली कामं, पाणी, भाकरी, धुणं, म्हैस, ती मी करायचीच नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ होता. तो अर्थ घरात सांगायला मला तोंड नव्हतं. आशाताईनंच सासूबाईंना बसवून हा हिशेब सांगितला, बोटं मोजून.

सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी चुलीतला कोळसा घेतला आणि भिंतीवर दोन रकाने केले, एक गुंड्याचा, एक चिमीचा. पाजलं की उभी रेघ, लंगोट ओला झाला की टिकली. दिवस मावळायला रेघा मोजायच्या. आठाच्या खाली आली तर रात्री भरून काढायची. पहिला आठवडा सरल्यावर चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत, तर दूध पोटात जातंय असं समजायचं. रात्री झोपेत मला कळायचं नाही की आत्ता कुणाला पाजलं. भिंतीला मात्र कळायचं. मला विचाराल तर जुळ्यांच्या घरात पाळण्याआधी ही भिंत हवी.

चिमीला जरा जोर आल्यावर, महिना-सव्वा महिन्यानं, दोघांना एकदम पाजायला शिकले. भिंतीला पाठ लावून बसायचं, दोन्ही बाजूंना गोधडीच्या जाड वळकट्या ठेवायच्या. बाळांची डोकी पुढे, आपल्या तळहातांवर, आणि पाय आपल्या काखेखालून मागे. पहिले चार-पाच वेळा कुणीतरी बाळं हातात द्यायला लागतं, मग सवय होते. यात एक मोठा फायदा आहे. गुंड्या जोरात ओढायला लागला की पान्हा दोन्हीकडून सुटतो, मग चिमीला फार कष्ट न करता दूध मिळतं. बाजू मात्र रोज बदलायच्या, कारण जोरात ओढणाऱ्याच्या बाजूला दूध जास्त तयार होतं. ‘दोघांना पुरेल का?’ असं सगळे विचारतात. जेवढं ओढलं जातं तेवढं शरीर बनवतं, आणि रात्रीचं पाजणं त्यासाठी फार महत्त्वाचं असतं. आईच्या पोटात पडलं पाहिजे, एवढीच अट.

ऊब हा दुसरा भाग. बाळाला लंगोट-टोपी घालून उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून लुगडं किंवा शाल गुंडाळायची, याला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबिया देशात बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती सुरू केली, कारण त्यांच्याकडे बाळं गरम ठेवायच्या पेट्या पुरत नव्हत्या. बाळाचं अंग गरम राहतं, मग अंगात गेलेलं दूध गरम राहण्यात खर्च न होता वजनाला लागतं. हे फक्त आईनंच करावं असं काही नाही. आमच्या मालकांनी चिमीला रोज संध्याकाळी धार काढून झाल्यावर दोन-दोन तास छातीवर घेतलं. वस्तीवरची माणसं हसली. मालक म्हणाले, ‘हसा, माझं काय जातंय? माझ्याकडे आयती शेकोटी आहे.’

एकविसाव्या दिवशी काटा म्हणाला १ किलो ७९०. अठ्ठाविसाव्या दिवशी २ किलोला थोडं कमी. बेचाळिसाव्या दिवशी २ किलो ४००. त्या दिवशी सासूबाईंनी आशाताईला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

आशाताईच्या या फेऱ्यांबद्दल दोन शब्द. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिनं घरी येऊन बाळ तपासायचं असतं. ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातून निघाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९०च्या दशकात ३९ खेड्यांत गावातल्याच बायकांना शिकवलं. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायच्या. बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. ते १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११पासून देशभर हे काम आशाताईंकडे दिलं गेलं. म्हणून ताई आली की ‘बाळ झोपलंय, नंतर या’ असं म्हणू नका. झोपलेलं बाळच तिला दाखवा.

आणि फेरीची वाट बघायची नाही अशा काही खुणा असतात. बाळ प्यायचं सोडतं, उठवलं तरी मलूल पडतं, अंग गार किंवा तापलेलं लागतं, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेतं, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, झटका येतो, तळहात-तळपाय पिवळे दिसतात. यातलं एक जरी दिसलं तरी बाळाला छातीशी धरून निघायचं. १०८ किंवा १०२ला फोन करा. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार आणि गाडी मोफत आहे.

आता थोरलीचं सांगते. चिमीचं कळलं, पण थोरलीचं कळायला मला आणखी महिना लागला. तीही शहाणी झाली होती. कोपऱ्यात अंगठा चोखत बसायची. रात्रीचं अंथरूण ओलं करायची सवय मोडली होती, ती पुन्हा लागली. मी दोनदा तिच्यावर हात उगारला. जाऊबाई म्हणाल्या, ‘अगं, तिला कुणी घेतलंय का दिवसात?’ भिंतीवर तिचा रकानाच नव्हता. मग ठरवलं, गुंड्या-चिमीला घेऊन बसले की थोरलीनं माझ्या पाठीला टेकून बसायचं आणि मी तिला चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगायची. तिला काम दिलं, कोरडा लंगोट आणून द्यायचा. कधी फडकं आणायची, कधी बापाचा रुमाल, पण आणायची.

हे वय मायेचं आणि तेवढंच धोक्याचं. एके दुपारी मी वळून बघते तर थोरली गुंड्याच्या तोंडाशी शेंगदाणा धरून ‘खा बाळा’ म्हणतेय. माझ्या अंगावर काटा आला. तेव्हापासून शेंगदाणे, फुटाणे, नाणी, गोट्या सगळं वरच्या फळीवर. अख्खे शेंगदाणे थोरलीच्या वयालाही देऊ नयेत, घशात अडकतात. हौदावर पत्रा आणि त्यावर दगड. बादली कामापुरती भरायची आणि रिकामी करून पालथी घालायची, कारण दोन-अडीच वर्षांचं लेकरू बादलीतल्या वीतभर पाण्यातसुद्धा बुडतं. आई पाजायला बसली की तिला पटकन उठता येत नाही, हे त्या लेकरालाही ठाऊक असतं!

माझं स्वतःचं थोडक्यात सांगते. दुपारी तीनपर्यंत पोटात चहाशिवाय काही नसायचं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं ही आमच्याकडची रीत सासूबाईंनी स्वतः मोडली. पाजायला बसले की तांब्या शेजारी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या दोन्ही एका वेळी घ्यायच्या नाहीत. अंगणवाडीतून बाळंतिणीला सहा महिने आहार मिळतो, तो मी घरात सगळ्यांना वाटून टाकत होते. मध्ये एक काळ असा आला की विनाकारण रडू यायचं, बाळांकडे बघावंसंच वाटायचं नाही. चार-आठ दिवसांत गेलं तर ठीक, पण दोन आठवडे राहिलं तर तो आजार असतो आणि त्याला औषध आहे. १४४१६ हा टेलिमानसचा फोन नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी तेव्हा कुणालाच बोलले नाही. ते चुकलंच.

आमच्या बचत गटानं मला तीन बैठका चुकल्या म्हणून दर वेळी दहा रुपये दंड लावला होता. नियम तो नियम. मी नाव काढून घ्यायचा निरोप पाठवला. त्यावर अध्यक्षताई स्वतः आल्या, भिंत बघितली, रेघा कसल्या ते विचारलं. पुढची बैठक आमच्या ओसरीवर भरली. अकरा बायकांपैकी दोघींनी बाळं घेतली, एकीनं थोरलीची वेणी घातली आणि मी पहिल्यांदा दोन्ही हात मोकळे ठेवून हिशेबाच्या वहीत सही केली. तेव्हापासून ज्या सभासदाच्या घरी बाळंतीण असेल तिथंच बैठक, आणि येताना प्रत्येकीनं दोन भाकऱ्या आणायच्या, असं वहीत लिहून ठेवलंय. दंड मात्र माफ केला नाही हं, तीस रुपये भरून घेतले.

गुंड्या आता भिंत धरून चालतो. चिमी अजून त्याच्यापेक्षा हलकी आहे, पण तक्त्यावर तिची रेघ वर चाललीय. आमच्या वस्तीवर पुढच्या महिन्यात आणखी एकीचं बाळंतपण आहे आणि पहिलं लेकरू दीड वर्षाचं आहे. तिच्या भिंतीसाठी सासूबाईंनी कोळसा काढून ठेवलाय. चला, म्हैस यायची वेळ झाली.