वनस्पती सरकतात, सीमा मात्र स्थिर

1849-50 मध्ये जोसेफ डाल्टन हूकर यांनी सिक्कीमच्या उंच खोऱ्यांत कोणती वनस्पती किती उंचीवर आढळली, याच्या नोंदी केल्या. 2007 ते 2010 या काळात संशोधकांनी त्याच परिसराची पुन्हा पाहणी केली. तेव्हा 124 प्रदेशनिष्ठ प्रजातींपैकी 87 टक्के प्रजातींचे क्षेत्र सरकलेले दिसले. वरची मर्यादा 23 ते 998 मीटरपर्यंत चढली होती.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात जुन्या दप्तराचे मोल दिसते. प्रजातीच्या ज्ञात ठिकाणांची तेथील तापमानाशी व पावसाशी सांगड घालून संगणकीय प्रारूपे तिला मानवणारे हवामान उद्या कोठे असेल, याचा अंदाज देतात. नोंदी तोकड्या असतील, तर अंदाजही तोकडाच. शिवाय बी तेथवर पोहोचेल का, माती मानवेल का, परागीभवन करणारे कीटक सोबत येतील का, याची उत्तरे अशा प्रारूपांतून सहसा मिळत नाहीत. शिखरापलीकडे तर चढायला जागाच नसते.

प्रशासनात आम्ही राजपत्रात अधिसूचित झालेली सीमा कायमची मानत आलो. संरक्षित क्षेत्रे आखताना आजच्या अधिवासासोबत उद्याच्या संभाव्य अधिवासाचा आणि त्यांना जोडणाऱ्या चढत्या पट्ट्यांचा विचार वन कार्य आयोजनांत व्हायला हवा. त्यासाठी वनस्पतिसंग्रहालयांतील जुन्या नोंदी संगणकावर आणणे आणि ठरावीक वर्षांनी त्याच जागांची फेरपाहणी करणे, ही कामे आधी हाती घ्यावीत. हूकर यांच्या नोंदी नसत्या, तर सिक्कीममधील हे स्थलांतर आपल्याला मोजताच आले नसते.