श्वासाची साक्ष

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा येथे आश्विन महिन्यात बालाजीची मोठी यात्रा भरते. यात्रेतील हलवायाचे दुकान दिसण्यापूर्वीच जिलबीचा वास त्याची वर्दी देतो. जिलबीतून निघालेले सूक्ष्म रेणू हवेतून नाकापर्यंत पोहोचतात आणि न पाहिलेल्या वस्तूची ओळख पटते. माणसाचा श्वासही असाच शरीरातील घडामोडींची वार्ता बाहेर आणीत असतो.

मधुमेहात शरीराला साखरेचा नीट उपयोग करता येत नाही. मग ते चरबी जाळू लागते. त्यातून ॲसिटोन नावाचे द्रव्य निर्माण होते आणि रक्तातून फुप्फुसांत येऊन श्वासावाटे बाहेर पडते. रोग फार बळावला म्हणजे श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, तर श्वासातील अमोनिया वाढतो. उच्छ्वासात सुमारे २५० द्रव्ये असतात, असे लायनस पॉलिंग या शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवून दिले.

परंतु ही वार्ता फार क्षीण असते. निरोगी माणसाच्या श्वासाच्या दहा लाख भागांत ॲसिटोन बहुधा एक भागही नसते. ज्वारीच्या दहा लाख दाण्यांतून बाजरीचा एक दाणा शोधावा, तसेच हे काम होय. म्हणून शास्त्रज्ञ वायुसंवेदक नावाचे कृत्रिम नाक घडवीत आहेत.

जस्त, कथील किंवा टंगस्टन यांच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण अशा संवेदकात वापरतात. हे कण नॅनोमीटरमध्ये मोजले जातात. एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. एवढे बारीक कण कशासाठी? एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले, तर एकूण पृष्ठभाग साठ चौरस सेंटिमीटर होतो. कण जितके बारीक, तितकी वायूच्या स्पर्शाला जागा अधिक.

हे कण बहुधा तापवलेले असतात. हवेतील ऑक्सिजन त्यांना चिकटतो व त्यांतील इलेक्ट्रॉन अडवून धरतो. त्यामुळे विजेचा प्रवाह मंदावतो. ॲसिटोन आले, की त्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि प्रवाह वाढतो. या वाढीवरून वायूचे प्रमाण कळते. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातील संशोधकांनी झिंक ऑक्साइडच्या थराला क्रोमियम ऑक्साइडची जोड देऊन, तो न तापवता अमोनिया ओळखण्याचे संशोधन २००७ साली प्रसिद्ध केले. ते मात्र अमोनिया वायूवर होते, रुग्णाच्या श्वासावर नव्हे.

श्वासाची परीक्षा अधिक अवघड आहे. श्वास दमट असतो व त्यात अनेक वायू मिसळलेले असतात. शिवाय एकादशीचा कडक उपवास केलेल्या निरोगी माणसाच्या श्वासातही ॲसिटोन वाढते. यंत्राने निरोग्यास रोगी ठरवले, तर त्याला विनाकारण घोर लागेल. रोग्यास निरोगी ठरवले, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून मधुमेहासाठी आजही रक्ताचीच तपासणी प्रमाण मानतात.

तरीही हे प्रयत्न मोलाचे आहेत. मधुमेह झालेल्या कित्येक मुलांना दिवसातून अनेकदा बोटाला सुई टोचून घ्यावी लागते. श्वासाची साक्ष विश्वासार्ह ठरली, तर त्यांच्या वेदना कमी होतील. मात्र साक्ष कितीही सोयीची असली, तरी ती पारखून घेतल्यावाचून स्वीकारायची नाही, हाच विज्ञानाचा दंडक आहे.