मोकळेपणाचा सव्वा तास

मनोरुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला दिवसभर प्रश्न विचारले जातात. झोप लागली का, गोळ्या घेतल्या का, आवाज ऐकू येतात का, जीव द्यावासा वाटतो का. हे प्रश्न विचारावेच लागतात, पण उत्तरांवर बरंच काही अवलंबून असतं. डोस वाढेल, डिस्चार्ज लांबेल, घरच्यांना कळवलं जाईल. त्यामुळे रुग्ण तोलूनमापून बोलायला शिकतो आणि ‘बरं आहे’ हे वॉर्डातलं सर्वांत सुरक्षित उत्तर ठरतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी मात्र तो जेवणाच्या रांगेत बरंच खरं बोलून जातो, कारण त्या माणसाच्या हातात ना औषध असतं, ना डिस्चार्जचा कागद. रुग्णांना गटाने एकत्र बसवून या बोलण्याचा उपचारासाठी उपयोग कसा करतात?

अशा गटांची सुरुवात मनोरुग्णांपासून झालेली नाही. १९०५मध्ये बॉस्टनचे डॉ. जोसेफ प्रॅट क्षयरोग्यांचे वर्ग घेत आणि विश्रांती, स्वच्छता, मोकळी हवा यांबद्दल शिकवत. शिकवण्याइतकाच रुग्णांना एकमेकांचा आधार उपयोगी पडतो, हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधल्या मिल हिल इथल्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ मॅक्सवेल जोन्स यांना तोच अनुभव आला. त्यांच्याकडचे सैनिक ताणामुळे छातीत धडधडतं, दम लागतो म्हणून दाखल झाले होते. असं का होतं यावर जोन्स व्याख्यानं देत, पण हळूहळू जुने रुग्णच नव्यांना समजावू लागले आणि ते अधिक पटू लागलं. पुढे जोन्स यांनी रुग्ण आणि कर्मचारी रोज एकत्र बसून बोलतील, असा वॉर्डच उभारला.

आजच्या वॉर्डाची अडचण वेगळी आहे. माणसं आठवड्या-दोन आठवड्यांत घरी जातात, त्यामुळे आजचा गट उद्या तसाच राहत नाही. ओळख मुरून विश्वास बसेल, एवढा वेळच नसतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचे मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी १९८३च्या पुस्तकात यावर एक पद्धत मांडली. तिचं मुख्य सूत्र असं की, आजची बैठक हीच शेवटची समजायची. आज जे उघडायचं ते आजच मिटवायचं. बैठक साधारण सव्वा तासाची आणि तिचे टप्पे ठरलेले.

पहिली काही मिनिटं ओळखीची. गट कशासाठी आहे, ते बैठक चालवणारे प्रमुख नव्या माणसाला स्पष्ट सांगतात. इथे कुणाच्या आजाराचं मूळ खणायचं नाही. आपण माणसांशी कसे वागतो, जवळ कसे येतो, कुठे अडतो, एवढंच पाहायचं. काय अपेक्षित आहे ते कळलं की निम्मी भीती ओसरते.

मग प्रत्येकाने ‘आज मला काय साधायचंय’ ते सांगायचं. हा सगळ्यांत कसाचा टप्पा. समजा, एक काका म्हणाले, “मला या डिप्रेशनमधून बाहेर यायचंय.” हे काही एका बैठकीत होणारं नाही. प्रमुख विचारतात, त्याचा सर्वाधिक त्रास कुठे होतो? “माणसं नकोशी वाटतात.” सगळीच? “मीच त्यांना नकोसा असेन, असं वाटतं.” या खोलीतही तसं वाटतं का? कुणाबद्दल? बऱ्याच वेळाने काका म्हणतात, “समोरच्या ताई मी बोलायला लागलो की खिडकीबाहेर बघतात.” आता हाताशी धरता येईल असं काहीतरी मिळालं. काकांनी ताईंना थेट विचारायचं, हे त्यांचं आजचं काम.

त्यानंतरचा अर्धा तास या कामांचा. काका विचारतात. ताई सांगतात, “नव्या गोळ्यांनी डोळे जड होतात हो, म्हणून बाहेर बघते. तुमचं बोलणं मला माझ्या भावासारखं वाटतं.” कदाचित त्या असंही म्हणतील की, “तुम्ही फार हळू बोलता, ऐकू येत नाही.” दोन्ही उत्तरांनी काकांच्या मनातल्या ठाम समजुतीला तडा जातो. डॉक्टरांनी शंभरदा ‘तुम्ही कुणाला नकोसे नाही’ म्हटलं असतं, तरी ते धीराचं बोलणं ठरलं असतं. ताईंवर तशी काही जबाबदारी नाही, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन. शिवाय ताईंनाही काही मिळालं. आपण घरच्यांवर ओझं झालोत असं समजणारं माणूस कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

शेवटचा टप्पा उजळणीचा. स्टॅनफर्डमध्ये बैठक पाहणारे विद्यार्थी आत येत आणि प्रमुखांसोबत बैठकीची चर्चा रुग्णांसमोरच करत. मग रुग्ण त्या चर्चेवर बोलत. एरवी अशी चर्चा बंद दाराआड होते आणि ‘माझ्याबद्दल काय बोलत असतील’ हा संशय उरतो. इथे डॉक्टरही उघडपणे बोलतात, म्हणून रुग्णांकडून खरेपणाची अपेक्षा करण्याचा हक्क त्यांना मिळतो.

ज्यांच्या विचारांचा धागाच तुटलाय, ज्यांना भास होतायत, त्यांच्यासाठी यालोम यांनी वेगळा, छोटा गट सुचवला. वेळ पाऊण तास आणि कामं सोपी. अर्धवट वाक्य पुरं करून शेजाऱ्याला सांगायचं, एवढंही पुरतं. तिथे खोल कबुलीजबाब मागणं धोक्याचं असतं. उन्मादाच्या भरात कुणी सगळंच सांगायला निघालं, तर प्रमुखांनी त्याला थांबवायचं असतं, कारण पुढे त्याचीच त्याला लाज वाटते.

गुप्ततेचीही मर्यादा आधीच सांगावी लागते. जिवाला धोका असल्याचं कळलं, तर ते उपचार करणाऱ्यांपर्यंत जाणारच. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गुप्ततेचं बंधन उपचार करणाऱ्यांवर घातलं आहे. शेजारी बसलेला रुग्ण फक्त दिलेल्या शब्दाने बांधलेला असतो. म्हणून किती बोलायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, ‘आज नको’ म्हणण्याचीही मुभा हवी.

महाराष्ट्राला यातलं मर्म व्यसनमुक्तीच्या कामातून चांगलं ठाऊक आहे. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे नव्यांना आधार देऊ लागली.

भेटीच्या दिवशी ‘आत काय काय सांगितलंस?’ असं खोदून विचारणाऱ्या नातेवाइकांनी एवढं लक्षात घ्यावं की, घरी हिशेब द्यावा लागणार असेल, तर माणूस तिथेही ‘बरं आहे’ एवढंच म्हणेल. त्याऐवजी ‘तिथे कुणाशी जमलं का?’ असं विचारावं. घरी आल्यावरही मोकळं बोलण्याची सवय टिकायला हवी असेल, तर गटातली एक रीत उचलावी. त्याच्या मनात काय चाललंय ते परस्पर ठरवू नये, आणि आपल्याला काय वाटतं ते आधी आपण सांगावं.