शर्टाचा वास आणि सावळारामांचं गाणं

डोंबिवलीत एमआयडीसीच्या बाजूने रिक्षा निघाली की नाकाला रुमाल लावणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. (मीही लावते.) पण ज्यांचे वडील तिथल्या एखाद्या रसायनांच्या कारखान्यात पाळ्या करायचे, त्यांना याच वासाने दारात चपला काढणारे बाबा आठवू शकतात. वास प्रदूषणाचाच, त्यात गोड असं काहीच नाही. तरी डोळे भरून येतात. असं का होतं, आणि गेलेल्या माणसांवरच्या कवितांशी याचा काय संबंध, ते आज सांगते. माझ्या पीएचडीचा विषयच शोककविता आहे, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी नाकाकडे बघू. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूत पुढे जाण्याआधी थॅलॅमस नावाच्या भागात थांबतं. कल्याण जंक्शनसारखंच समजा, सगळ्या गाड्या तिथून वाटेला लागतात. वासाला हा थांबा घ्यावा लागत नाही. नाकातून आलेला संदेश घ्राणकंदात जातो आणि तिथून फार वळसा न घेता भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डालापर्यंत आणि आठवणी बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या शेजारी पोचतो. म्हणून 'हा कसला बरं वास?' हे कळायच्या आधीच घशात आवंढा येतो.

योहान विलांडर आणि मारिया लार्शन या स्वीडनच्या संशोधकांनी 2006 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वयस्कर माणसांना काही शब्द, काही चित्रं आणि काही वास दिले आणि काय आठवतं ते विचारलं. शब्द आणि चित्रांनी जास्त करून किशोरवयातल्या आणि तरुणपणाच्या आठवणी जाग्या झाल्या. वासांनी मात्र माणसं दहा वर्षांच्या आतल्या वयात जाऊन पोचली. आजीच्या आठवणीत आधी तिच्या लुगड्याचा किंवा कापूर-नॅप्थलीनच्या पेटीचा वास येत असेल, तर त्याचं नवल नको.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो व्हॉट्सअ‍ॅपवर बराच फिरतो. वासाने आलेली आठवण जास्त *खरी* असते, असं नाही. रेचल हर्झ यांच्या प्रयोगांत अशा आठवणी जास्त भावनिक निघाल्या, अचूकतेत त्या इतर आठवणींच्या पुढे नव्हत्या. तुम्हाला आजोबा 'जसेच्या तसे' परत मिळत नाहीत, त्यांच्याजवळ असल्याची भावना परत मिळते. मला स्वतःला एवढंही पुष्कळ वाटतं.

अडचण वेगळीच आहे. वास बोलावून येत नाही. आत्ता डोळे मिटून आईचा चेहरा आणा बरं. आला ना? आता तिच्या पदराचा वास आणून बघा. बहुतेकांना तो जमत नाही. तो यायचा तेव्हा फडके रोडवर गजरेवालीशेजारून जाताना अचानक येतो, नाहीतर महिनोन्‌महिने येत नाही.

कवितेचं उलट आहे, ती बोलावता येते. लय आणि यमक यांमुळे पुढचा शब्द कोणता असू शकतो याला मर्यादा पडते आणि ओळ आपोआप सापडते. जात्यावरच्या ओव्या लिहिता न येणाऱ्या बायकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्यामागे हेही एक कारण आहे. हात जात्याच्या खुंट्यावर, आणि गाण्यात माहेर.

आता ठाण्याचे पी. सावळाराम घ्या. मूळचे सांगली जिल्ह्यातले, पण आयुष्य ठाण्यात गेलं, शहराचे नगराध्यक्षही झाले. 'कल्पवृक्ष कन्येसाठी' हे त्यांचं गाणं वसंत प्रभूंच्या चालीत लता मंगेशकरांनी गायलं. मास्टर दीनानाथ 1942 मध्ये गेले तेव्हा लता बारा वर्षांच्या होत्या. त्यामुळे हे गाणं ऐकणाऱ्याला दीनानाथ आठवल्याशिवाय राहत नाहीत. पुढच्या वेळी ते लागलं की कोणतं इंद्रिय कुठे येतं तेवढं ऐका. बराच वेळ सगळं बघण्याचं आहे. वैभव आलंय ते बघायला या, असं मुलगी वडिलांना म्हणते. सूर्य-चंद्र हे त्यांचेच डोळे आहेत, ते दुरून पाहतायत, कृपेत काही कमी नाही. आणि मग शेवटी ती मागते काय? पाठीवरून फिरणारा हात. नजर आकाशातून मिळू शकते, स्पर्श मिळत नाही. सावळारामांनी हे कुठे समजावून सांगितलेलं नाही, नुसतं इंद्रिय बदललंय. माझ्या मते गाणं रडवतं ते या बदलामुळे.

इंदिरा संतांचा मार्ग वेगळा. 1941 मध्ये पती ना. मा. संत आणि त्यांचा मिळून 'सहवास' हा संग्रह आला आणि 1946 मध्ये ना. मा. गेले. त्यानंतर बेळगावात लिहिलेल्या त्यांच्या कवितेत पाऊस, संध्याकाळ, माती अशा गोष्टीच उणिवेचं बोलतात. 1955 च्या संग्रहाचं नावच 'मेंदी', म्हणजे रंगही आला आणि वासही.

'आता पुरे, विसरा आणि पुढे चला' असं सांगणारे नातेवाईक तुम्हालाही भेटले असतील. 1917 मध्ये फ्रॉइडनेही साधारण हेच मांडलं होतं, की गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणं हे शोकाचं काम. पण त्याची मुलगी सोफी 1920 मध्ये गेली, आणि नऊ वर्षांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की ती जागा कशानेच भरत नाही आणि तसंच असायला हवं. 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांच्या पुस्तकाने हा विचार अभ्यासात ठामपणे आणला: नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं. आठवणीपायी रोजचं जगणंच महिनोन्‌महिने थांबलं असेल तर मात्र डॉक्टरांशी बोला, तो वेगळा विषय आहे.

हे सगळं सांगितलं की लोक मला हमखास एक व्यावहारिक प्रश्न विचारतात: मग शर्ट धुवायचा की नाही?

नका धुऊ, घाई नाही. घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवला तर वास थोडा जास्त टिकेल. पण वास म्हणजे उडून जाणारे रेणू, ते जाणारच. शिवाय रोज उघडून हुंगलंत तर त्या वासाला आजचे दिवसही चिकटायला लागतात. तेव्हा वास आहे तोवर एकदा कागद घेऊन बसा. 'बाबांचा वास' असं लिहू नका, त्यातून पुढे काहीच आठवणार नाही. लाइफबॉय, इस्त्री, लोकलची गर्दी, तंबाखूची पुडी, जे असेल ते लिहा. दोन ओळी जुळल्या तर जुळवा, म्हणजे पाठ राहतील.

शर्ट नंतर धुतलात तरी चालेल.