काबूलच्या मुलींस इंग्रजी

नांदेड-लातूरकडे सायंकाळचे सात वाजतात, तेव्हां काबूलमध्यें सहा वाजलेले असतात. अंतर एकाच तासाचें. म्हणून येथील गृहिणीला किंवा निवृत्त शिक्षकाला दिवसाचीं कामें उरकून तेथील मुलींना इंटरनेटवरून इंग्रजी शिकवितां येतें. अफगाणिस्तानांत २०२१ पासून मुलींना सहावीपुढील शाळा बंद आहेत. डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठेंही. कित्येकींना घरांतील फोन हीच शाळा उरली आहे, आणि देशोदेशींचे स्वयंसेवक तींत विनामूल्य शिकवितात.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होता. फारसींतले जमीन, दुकान, हजार हे शब्द येथें घरोघर आहेत; बाजारांत 'स्कूल'चें 'इस्कूल' होतें, तसेंच काबूलकडेही होतें. पण याहून मोलाची गोष्ट ही, कीं येथील शिक्षकानें इंग्रजी परकी भाषा म्हणूनच कमावलेली असते. 'द' हें उपपद मराठींत नाहीं, फारसींतही नाहीं. तें कोठें घालावें हें इंग्रजाला कधीं शिकावें लागलें नाहीं. म्हणून त्याला तें समजावूनही सहसा देतां येत नाहीं. मात्र एका ठिकाणीं मराठी माणूस फसेल. फारसींत 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम आहे. तेव्हां मुलगी आईविषयीं बोलतांना 'शी'ऐवजीं 'ही' म्हणाली, तर तो निष्काळजीपणा समजूं नये.

तिला कॅमेरा लावण्याचा आग्रह धरूं नये, खरें नांव वा पत्ता विचारूं नये. ओळख उघड झाल्यास सारें घर संकटांत येऊं शकतें. ठरलेला तास मोडूं नये. तिकडे वीज गेली, तर दहा वाक्यें आपल्या आवाजांत मुद्रित करून पाठवावींत. तीं रात्रीं उशिरांही ऐकतां येतात.