टणक नको, चिवट हवं

आमच्या वाघ्या कुत्र्याच्या डाव्या डोळ्याखाली एके सकाळी सूज दिसली. गांधीलमाशी चावली असेल, असं वाटलं. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचा ओठ वर उचलला, तेव्हा वरच्या सगळ्यात मोठ्या दाढेची बाहेरची बाजू खोबऱ्याची कातळी निघावी तशी निघालेली दिसली. मधोमध काळपट ठिपका होता. दाताचा आतला जिवंत गाभा उघडा पडून सडला होता आणि मुळाशी पू झाला होता. चपला, केरसुणी, दाराची चौकट असं काहीही तो फस्त करायचा, म्हणून आम्ही त्याला म्हशीच्या नळीचं हाड आणून दिलं होतं. ते तरी टिकेल, अशी आशा होती. ते टिकलं; दाढ मात्र काढावी लागली.

कुत्रा काही चावायला बसला की त्याच्याकडे नीट पाहा. मान तिरकी करून, एक डोळा किलकिला करून तो ती वस्तू गालाच्या कोपऱ्यात सरकवतो. त्याच्या ४२ दातांपैकी वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ तिथे कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून सरकतात. अडकित्त्यात सुपारी आपण बिजागरीजवळ ढकलतो, तशीच ही जागा जबड्याच्या सांध्याजवळ असते आणि म्हणून सगळ्यात जास्त जोर तिथे लागतो. एवढा जोर सोसणाऱ्या या दातांवरचं कवच मात्र एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं. आपल्या दाढांवर ते दोन मिलिमीटरच्या आसपास भरतं. वस्तू दबली नाही, तर तो सगळा जोर या पातळ कवचावर उलटतो.

मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आहेत, टणक आणि चिवट. टणक वस्तूवर ओरखडा पडत नाही, पण ती दबतही नाही. चिवट वस्तू दबते, ताणली जाते, चावण्याचा जोर स्वतःत जिरवते आणि तरी सहज फाटत नाही. हाड, खूर, कडक नायलॉन, बर्फाचे खडे, हिमालयातलं छुर्पी नावाचं वाळवलेलं चीज या सगळ्या टणक वस्तू. टिकाऊ म्हणून त्यांतल्या बऱ्याच विकल्या जातात आणि दात मोडतात ते यांच्यावरच. शिजवलेल्या हाडाचं तर आणखी वाईट, त्याच्या टोकदार चिरफळ्या निघून आतड्यात रुततात.

चिवटपणात नैसर्गिक रबराला तोड नाही. त्याचे रेणू लांबलचक, गुंतलेल्या सुतासारखे असतात. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेची किमया सापडली. गंधक या सुतांना जागोजागी गाठी मारतं, त्यामुळे ताणलेलं रबर पुन्हा मूळ आकारात येतं. खरी गंमत चीर पडल्यावर दिसते. चिरेच्या टोकाशी रबर सगळ्यात जास्त ताणलं जातं, तिथले रेणू एका दिशेने ओळीत लागतात आणि तेवढीच जागा स्फटिकासारखी घट्ट होते. फाटण्याच्या वाटेवर रबर स्वतःच बांध घालतं! विमानांच्या टायरमध्ये आजही नैसर्गिक रबर भरपूर वापरतात, ते याच गुणासाठी. आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या बागांतून निघणारा रबराचा चीक हा त्याच जातीचा.

अमेरिकेतल्या कोलोराडोत १९७०च्या दशकात जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ हा निवृत्त पोलीस कुत्रा दगड चावून दात झिजवत होता. फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करताना तिच्या सस्पेन्शनचा एक रबरी भाग त्यांनी बाजूला टाकला, आणि फ्रिट्झने दगड सोडून तो उचलला. त्यातूनच ‘काँग’ हे पोकळ, फुगीर रबरी खेळणं जन्माला आलं.

दुकानात खेळणं हातात घेतलं की त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहावं. किंचित खळगा पडायला हवा. गुडघ्याच्या वाटीवर आपटून घ्यायची भीती वाटेल, इतकं कडक असेल तर ते परत ठेवावं. आकार गोलसर हवा, कारण मोठी दाढ कड शोधते आणि कड सापडली की तिथूनच फाडायला लागते. तोंडात पूर्ण मावणारं माप नको. पोकळ खेळण्याला दोन्ही बाजूंनी भोक असावं. एकच भोक असलं तर आत निर्वात पोकळी तयार होऊन जीभ अडकू शकते. टेनिसचा चेंडू मऊ दिसतो, पण त्याची लव दात घासून झिजवते.

रिकामं रबर कुत्रा थोड्याच वेळात सोडून देतो. आम्ही त्यात बिनमिठाचा दहीभात आणि किसलेलं गाजर भरून फ्रीझरमध्ये ठेवतो. तिथल्या थंडीतही रबर लवचीकच राहतं. शेंगदाण्याचं लोणी भरायचं असेल तर डब्यावर झायलिटॉल हा शब्द नाही ना, हे आधी पाहावं. हा गोड पदार्थ कुत्र्यासाठी विष आहे.

वाघ्या आता उजव्या बाजूने चावतो. त्याचं खेळणं रोज रात्री धुताना मी भोकाच्या कडेवरून बोट फिरवते. गेल्या आठवड्यात तिथे नखाएवढी चीर लागली आणि चिरेजवळचा एक तुकडा लोंबत होता. ते खेळणं त्याच रात्री कचऱ्यात गेलं आणि दुसऱ्या दिवशी एक माप मोठं आणलं.