सोल पॅट्रोल : मागच्या फळीतले चौघे

फुटबॉल म्हटलं की आपल्याला ब्राझील नाहीतर मँचेस्टर युनायटेड आठवतं. अमेरिकन फुटबॉल लागला की टीव्ही रूममधून हमखास आवाज येतो, "ए, ही मारामारी काढ रे!" मारामारी आहे हे खरंच, पण तिच्यामागे हिशोब आहे. तो समजायचा असेल तर 1970 च्या दशकातल्या ओकलंड रेडर्सचे बचावपटू बघावेत. (हा संघ 2020 पासून लास व्हेगासला गेला.)

आधी थोडं बेसिक. मैदान 100 यार्ड लांब, बाजूला 11-11 जण. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचं. क्वार्टरबॅक लांब फेकतो, रिसीव्हर पळत जाऊन झेलतो. झेल जमिनीवर पडला तर तो प्रयत्न फुकट. हा झेल होऊ न देणारे ते डिफेन्सिव्ह बॅक. दोघे कॉर्नरबॅक कडेला रिसीव्हरच्या समोर उभे असतात, साधारण कबड्डीतल्या कोपरारक्षकासारखे. दोघे सेफ्टी बरेच मागे. सगळे चुकले की शेवटचा माणूस तोच.

आता सेफ्टीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. रिसीव्हरचे हात वर आहेत, डोळे चेंडूवर, बरगड्या उघड्या. तुम्ही चेंडू हाताने उडवू शकता, किंवा माणसालाच असं धडकू शकता की झेल सुटेल. दुसऱ्यात एक फायदा जास्त. पुढच्या वेळी तोच रिसीव्हर चेंडू सोडून तुम्ही कुठे आहात ते बघतो. रेडर्सनी हा फायदा पुरेपूर वसूल केला.

त्यांच्या चौकडीचं नाव होतं 'सोल पॅट्रोल'. पेट्रोल नव्हे हं, पॅट्रोल म्हणजे गस्त! कॉर्नरला विली ब्राउन आणि स्किप थॉमस, सेफ्टीला जॅक टेटम आणि जॉर्ज ॲटकिन्सन. थॉमसचं टोपणनाव 'डॉक्टर डेथ', टेटमचं 'असॅसिन' म्हणजे मारेकरी. ब्राउन यातला खरा कारागीर. रिसीव्हर निघतानाच त्याला हातांनी रेटायचं, त्याची लय बिघडवायची आणि मग सावलीसारखं मागे लागायचं, ही 'बंप अँड रन' त्याची खासियत. जानेवारी 1977 च्या सुपर बोलमध्ये त्याने मिनेसोटाच्या फ्रॅन टार्केंटनचा पास मधेच पकडून 75 यार्ड पळत टचडाउन केला. रेडर्स 32-14 ने जिंकले. त्याच सामन्यात टेटमने सॅमी व्हाइटला असा तडाखा दिला की त्याचं हेल्मेट उडालं. गंमत म्हणजे चेंडू काही व्हाइटने सोडला नाही!

पण गंमत तिथेच संपते. 1976 च्या मोसमातल्या पहिल्याच सामन्यात ॲटकिन्सनने पिट्सबर्गच्या लिन स्वानच्या डोक्यावर हाताने फटका मारला, तोही चेंडू दुसरीकडे असताना. स्वानच्या मेंदूला मार बसला. पिट्सबर्गचे कोच चक नोल म्हणाले, खेळात 'गुन्हेगारी प्रवृत्ती' आहेत. ॲटकिन्सनने बदनामीचा दावा ठोकला. 1977 मध्ये तो हरला, पण उलटतपासणीत नोल यांना आपला स्वतःचा मेल ब्लाउंटही त्याच यादीत घालावा लागला. म्हणजे हा एकट्या ओकलंडचा रोग नव्हता.

12 ऑगस्ट 1978. ओकलंडला न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी सामना, मोसमापूर्वीचा, गुणतक्त्यात न धरला जाणारा. स्टीव्ह ग्रोगनचा पास जरा उंच आला. डॅरिल स्टिंगली, वय 26, त्यासाठी झेपावला आणि समोरून टेटम आला. स्टिंगलीच्या मानेचे मणके मोडले. तो पुन्हा कधीच चालला नाही.

एफ.ई.चं मेकॅनिक्स आठवा. धरा की 90 किलोचा माणूस सेकंदाला 8 मीटर वेगाने येतोय. संवेग 720. तो एक दशांश सेकंदात शून्य करायचा तर सरासरी बल 7200 न्यूटन, म्हणजे पाऊण टनाच्या आसपास वजन. पॅडचं काम हा वेळ थोडा वाढवणं. मानेला मात्र हेल्मेटही वाचवत नाही.

आणि पंचांनी त्या धडकेवर काहीच दिलं नाही. फाउल नव्हताच तो, त्या वेळच्या नियमात बसत होता. माझ्या मते सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट जास्त अंगावर येते. त्याच वर्षी लीगने पाच यार्डांपुढे रिसीव्हरला रेटायला बंदी केली होती, पण ती पासिंग वाढावं, गुण जास्त व्हावेत म्हणून. उघड्या पडलेल्या रिसीव्हरच्या डोक्या-मानेवर मारायला कडक बंदी यायला आणखी बरीच वर्षं गेली.

रेडर्सचे कोच जॉन मॅडन मात्र स्टिंगलीला हॉस्पिटलमध्ये भेटत राहिले. प्रतिस्पर्धी संघाचे कोच, बरं का. टेटमचं म्हणणं असं की तोही गेला होता, पण त्याला आत सोडलं नाही. पुढे त्याने आपल्या टोपणनावावरूनच पुस्तक काढलं. 1996 मध्ये दोघांची टीव्हीवर भेट ठरली होती, पण टेटमचं नवं पुस्तक येतंय हे कळल्यावर स्टिंगलीने ती रद्द केली. स्टिंगली 2007 मध्ये गेला. टेटमला मधुमेहाने पाय गमवावा लागला आणि 2010 मध्ये तोही गेला. दोघांची भेट झालीच नाही.